ताण्याचा दोरा

बोगदा मागे पडला आणि आधी वास आला,
जळक्या रबराचा.
मग बॉनेटखालून एक किंकाळी, मग लाल दिवा.
मागच्या सीटवरून तुदा आजी म्हणाली,
"कुणाची तरी शेपटी सापडली बघ."

सहा उतारू, एक कोंबडी, मी
आणि ही ब्याण्णव सालची मर्सिडीज.
हिचा किलोमीटरचा आकडा
माझ्या लग्नाआधीच दमून बसलाय.

डिझेलला ठिणगी लागत नाही.
पट्टा तुटला तरी इंजिन आपलं चालू,
मानी माणसासारखं.
पण आत पाणी फिरायचं थांबतं, काटा चढतो,
आणि मानी माणसं कशी संपतात
ते मी घरातच पाहिलंय.

किल्ली फिरवली.
झिझची घळ एकदम केवढी तरी मोठी झाली.
पुढे उतार होता म्हणून निभावलं:
ब्रेकचा दगड झालेला, स्टिअरिंगचा दुसरा दगड,
दोन्ही पायांनी आणि शिव्यांनी आवरत
बासूच्या दारापर्यंत घरंगळलो.

बासूने एकेक चाक हाताने फिरवून पाहिलं.
पाण्याचा पंप फिरला.
अल्टरनेटर फिरला.
स्टिअरिंगचा पंप कुरकुरत का होईना, फिरला.
एसीचा कंप्रेसर ढिम्म.
"हा कधी गेला?"
"आजच."
त्याने नळीवरची सात उन्हाळ्यांची धूळ बोटाने पुसली,
बोट मला दाखवलं.
मी डोंगराकडे बघत राहिलो.

काय सांगणार?
गॅस केव्हाच उडालेला. काचेवरचा स्टिकर मात्र होता
आणि स्टिकरचे माणशी तीन दिरहम जास्त.
पट्टा बिचारा रोज त्या चाकाला वळसा घालून यायचा,
रिकाम्या खुर्चीला सलाम ठोकून यावं तसा.

नवा कंप्रेसर म्हणजे चार बोकड.
"राहू दे तिथंच," बासू म्हणाला,
"वायर काढतो. पट्टा आखूड घालू, याला वगळून."
आखूड म्हणजे किती, ते कुठल्या पुस्तकात?
त्याने घरात हाक मारली, "इत्तो, लोकर दे जरा!"

ती मागावरून उठून स्वतःच आली.
"लोकर नको. लोकर लाडात येते, ओढाल तेवढी वाढते.
ताण्याचा दोरा घ्या."

आणि बासूला बाजूला सारून
तिनेच दोरा ओवला:
खालच्या मोठ्या चाकाखालून, पंपावरून,
ताण देणाऱ्या पुलीच्या पाठीवरून,
आणि कंप्रेसरला न शिवता पुढे,
भांडलेल्या जावेच्या दारावरून जावं
तशी, मान न वळवता.

गाठ मारली, कापला, उंबऱ्यावर पसरला.
"साडेचार हात. दोन बोटं वर."
"दोन बोटं सोड," बासू म्हणाला, "ताण नको?"
"ताण मला शिकवू नकोस," ती म्हणाली, आणि आत गेली.

भिंतीवरच्या खिळ्यांना पट्टे लटकत होते,
कुठल्या कुठल्या मेलेल्या गाड्यांचे.
पहिला सैल. दुसरा चढेचना.
तिसरा, पावाच्या व्हॅनचा, खट् करून बसला.
इंजिन लागलं. काटा जागेवर आला.
इतकं हलकं मी तिला कधी ऐकलं नव्हतं.

गाडी रस्त्याला लागण्याआधीच कॉलेजातला हम्मू म्हणाला,
"एसीच्या तीन दिरहमचं काय?"
अठरा दिरहम मोजून दिले, नाण्यानाण्याने.
आजीने तिचे परत केले.
"मला वाजायची रे थंडी तुझ्या गाडीत," ती म्हणाली.
थट्टा की खरं, ते तिच्या तोंडावरून कळेना,
आणि कुणी विचारलंही नाही.

मी स्टिकर खरवडायला घेतला.
नख लागेना. अर्धा तसाच आहे.

खिडक्या चार, पण काच खाली करायची दांडी एकच;
ती हातोहात फिरली,
ज्याने त्याने आपापल्यापुरती हवा उघडली.
बाहेरची हवा भट्टीतली होती.
आणि इत्तोचा तो दोरा? तो गाडीतच राहिला होता.
एर्राशिदिया येईपर्यंत आजीने त्याने
कोंबडीचे सुटलेले पाय नीट बांधून घेतले.